तुरीचे अकरा दाणे

१

काळाला मागं नेता येत नाही, ही गोष्ट थोर माणसांनी पुष्कळ विचार करून सांगितलेली आहे. बुधवारी, दहा सप्टेंबरला, सकाळी सव्वासात वाजता सक्करदऱ्यातल्या दादाजी रंगारींच्या बैठकीत, खिडकीजवळच्या टेबलावर, काळ तीन वर्षं आठ महिने मागं गेलेला आढळला.

दादाजींनी संगणक सुरू केला आणि पडद्यावर 'नवीन वर्ष २०२२ च्या हार्दिक शुभेच्छा' उमटल्या. मागं फुगे. हे चित्र त्यांच्या मुलानं, अंकुशनं, त्या वर्षी लावलं होतं आणि दादाजींनी दोनच दिवसांत काढून टाकलं होतं, कारण फुग्यांचा कामाशी काही संबंध नव्हता. आता फुगे परत आले होते. फुग्यांच्या बाजूला 'आठवणी' नावाचा फोल्डर असायला हवा होता. तो नव्हता.

'आठवणी' म्हणजे एकतीस म्हाताऱ्या माणसांचं बोलणं. १९५६ साली आईचं बोट धरून किंवा बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेच्या मैदानावर गेलेली ही माणसं दादाजींनी साडेतीन वर्षांत एकेक करून शोधली, त्यांना बोलतं केलं, रेकॉर्डिंग संगणकात घातलं आणि दोन बोटांनी ते टाइप केलं. एकतिसांपैकी नऊ जण आता राहिले नव्हते. त्यांना पुन्हा विचारायची सोय नव्हती. सोमवारी फाईल छापखान्यात द्यायची होती, तरच पुस्तिका धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लोकांच्या हाती पडणार होती.

तरी दादाजी घाबरले नाहीत. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते अडतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि घाबरणं त्या पदाच्या कामात बसत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंही स्टोअर केलं होतं, आणि पत्नी भीमाबाईंनी ते चालवून घेतलं होतं. घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली टॅग लावून बोर्डावर. साबणाची नवी वडी आली तरी आधीची पूर्ण झिजेपर्यंत तिला हात नाही. केळी ज्या क्रमानं आली त्या क्रमानं खायची, त्यामुळे रंगारींच्या घरी पिवळं केळं गेल्या सहा वर्षांत कोणी खाल्लेलं नव्हतं.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला संगणकाची प्रत. नुसत्या फायलींची नव्हे, अख्ख्या संगणकाची: विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग, सगळं जसंच्या तसं एका बाहेरच्या डिस्कवर. जानेवारी २०२२ पासून एकही एक तारीख चुकली नव्हती. घरात पुतणीचं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा दादाजी हळदीच्या अंगानं प्रत घेऊन मग मांडवात आले होते. अशा पंचेचाळीस प्रती. इंटरनेटवर माल ठेवायला त्यांचा ठाम विरोध होता. ज्या गोडाऊनची किल्ली आपल्याकडे नाही ते गोडाऊन आपलं नव्हे, एवढं त्यांना समजत होतं.

म्हणून ते शांतपणे रॅककडे वळले. रॅकच्या दुसऱ्या कप्प्यात टॅग लोंबकळत होता: 'डिस्क, काळी, नग एक'.

नग नव्हता.

२

गुन्हा म्हटला की दादाजींच्या गल्लीत समोरच्या चारुलताबाई बोरकरांना बोलावत. त्या एका सरकारी कचेरीच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी साडेपाचला त्यांनी कचेरीचा बॅकअप घेतला होता, आधी टेपवर, मग डिस्कवर, आणि साहेब लोक बदलत गेले तरी कचेरीची एक ओळ हरवू दिली नव्हती. यावर त्यांना कोणी शाल-श्रीफळ दिलं नाही, कारण जे हरवलंच नाही त्याची बातमी होत नाही. पण माणूस कुठे चुकतो याचं ज्ञान त्यांच्याइतकं नागपुरात फारच थोड्या लोकांना असेल.

त्या आल्या, चष्मा लावला, आणि संगणकापेक्षा टेबलाकडेच जास्त वेळ पाहत राहिल्या.

"काल घरी कोन होतं?"

"मी सकाळी आठलेच कामठीले गेलो," दादाजी म्हणाले. "एका आजीले तिचं छापायचं वाचून दाखवाचं होतं. परत आलो संध्याकाळी सातले. मशीनले हात नाई लावला. भीमाबाई तीन वाजेपर्यंत घरी होती. मंग अंकुशनं तिले गाडीवर नेऊन सोडलं, विपश्यनेच्या शिबिराले."

"म्हणजे फोन जमा."

"फोन जमा, बोलनं बंद. दहा दिवस कोनाशीच नाई बोलत तिथं. तिले विचारून फायदा काय म्हना, तिनं आयुष्यात मशीनले धूळ पुसायच्या पलीकडे हात नाई लावला."

चारुलताबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी माउस हातात घेतला, दोन-तीन ठिकाणी पाहिलं, मग खुर्चीत मागे टेकल्या.

"दादाजी, हे कोनी फायली पुसल्या नाहीत. कोनीतरी तुमची एक जानेवारी २०२२ ची प्रत घेतली आणि अख्खा संगणक त्या दिवसावर नेऊन ठेवला. त्याच्यानंतरचं जे होतं, त्याच्यावरच हे जुनं लिहून टाकलं. ही डिस्क नाही मिळाली, तर..." त्यांनी रॅकवरच्या टॅगकडे पाहिलं. 

"पण काम पहा," त्या जरा वेळानं म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की दादाजींना राग यावा. "काय साफ काम आहे. एक एरर नाही. आमच्या कचेरीत कंत्राटदाराची तीन पोरं मिळून असं करू शकली नसती. चोर इतकी मेहनत नाही करत. चोर डिस्क उचलतो न पळतो. हा मानूस दीड तास इथं बसून संगणक धडधाकट करून गेला."

"कोन?"

"ते पाहू. आधी हे सांगा." त्यांनी कीबोर्ड अलगद उचलला. मागच्या फळीवर तुरीचे दाणे होते. सरळ ओळीत, बोटभर अंतरानं. अकरा.

"उंदीर," दादाजी म्हणाले.

"उंदीर ओळीत मांडत नाही," चारुलताबाई म्हणाल्या.

३

पहिला संशय सौरववर. चौकात त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि दादाजी स्वतःची काळजी स्वतः घेत असल्यामुळे सहा वर्षांत त्याला या घरातून एक स्क्रूसुद्धा कसायला मिळाला नव्हता. चारुलताबाईंनी त्याला दुकानातच गाठलं. दादाजी मागं उभे राहिले, साक्षीदारासारखे.

"मी?" सौरवनं सोल्डरिंगची सळई खाली ठेवली. "काकू, मी केलं असतं तर बिल नसतं का दिलं?"

हा युक्तिवाद दोघांनाही पटला.

"शिवाय मी असतो तर वरचीच प्रत टाकली असती," तो पुढे म्हणाला. "त्या प्रोग्रॅममधी नवीन कॉपी सर्वांत वर येते. एंटर मारा, झालं. जुन्यात जुनी पाहिजे तर चव्वेचाळीस ओळी खाली जा लागते. कोन जाईन गा तितकं? आणि दादाजी, तुमच्यासारखा बॅकअप घेनारा मानूस मी अख्ख्या सक्करदऱ्यात नाई पाहिला. गिऱ्हाईक येते न, सर्व उडालं म्हनून रडते, तर मी तुमचंच नाव सांगतो."

दादाजींना बरं वाटलं, आणि अशा वेळी बरं वाटल्याबद्दल वाईटही वाटलं.

दुसरा संशय रुपराव सहारेंवर, आणि हा जास्त पक्का होता. रुपराव एकतिसांपैकी एक. त्यांनी आपली आठवण चाळीस पानं सांगितली होती आणि दादाजींनी ती चार पानांवर आणली होती, कारण उरलेली छत्तीस पानं रुपरावांच्या रेल्वेतल्या बढतीबद्दल होती. गेल्या आठवड्यात त्यांनी बुद्धविहारात चारचौघांत 'माझं नसन तर कोनाचंच नाई' असं म्हटल्याचं तिघांनी ऐकलं होतं.

"म्हटलं न," रुपराव म्हणाले. "रागात मानूस बोलते. काल मी त्यासाठीच आलो होतो, भांडाले. दुपारी एकच्या सुमारास. तर हे घरी नाई."

दादाजी आणि चारुलताबाईंनी एकमेकांकडे पाहिलं.

"दार कोनी उघडलं?"

"भीमाबाईनं. अर्धंच उघडलं. म्हने, काम चालू आहे भाऊ, मंग या. न लावून घेतलं."

"स्वयंपाक चालू होता का? वास येत होता?"

रुपरावांनी आठवून पाहिलं. "नाई. वास नाई, आवाज नाई. आणि चहाही नाई विचारला. खरं सांगू बाई, चार पानांचं दुःख मी गिळलं असतं. पन भीमाबाईच्या दारातून मी चहा न पिता कधी परत नाई गेलो, चाळीस वर्षांत. मले वाटलं, ह्यानंच तिले शिकवून ठेवलं असन."

परत येताना दादाजी म्हणाले, "हा खोटं बोलून राहिला. भीमाबाई अन चहा नाई विचारनार? पोस्टमनले सोडत नाई ती. मीटर रीडिंगवाला आमच्या घरी शेवटी येते, कारण त्याले बसा लागते."

"तो खरं बोलतो," चारुलताबाई म्हणाल्या. "खोटं बोलनारा मानूस आपला अपमान असा सांगत नाही. दादाजी, मले आता एकच भीती आहे."

"कोनती?"

"का हे कोनीच वाइटासाठी नाही केलं."

४

अंकुश संध्याकाळी कंपनीच्या बसनं आला तेव्हा त्याचे वडील आणि समोरच्या काकू टेबलाशी बसलेले पाहून त्यानं बूट काढायच्या आधीच सांगून टाकलं, "मी नाई केलं."

"तू काय नाई केलं?"

"जे झालं असन ते. बाबा, मी ते मशीन भंगारात द्या म्हटलं होतं, हाव. लॅपटॉप घेऊन देतो म्हटलं होतं. पन मी हात नाई लावला. तुमच्या मशीनले हात लावाले आधी तुमचं कार्ड वाचा लागते, न तितका वेळ माझ्याकडे नाई."

"कोणतं कार्ड?" चारुलताबाईंनी विचारलं.

अंकुशनं भिंतीकडे बोट केलं. संगणकाच्या वर, कॅलेंडरच्या बाजूला, प्लास्टिकचं वेष्टण चढवलेलं एक कार्ड खिळ्याला टांगलं होतं. मथळा होता 'मी नसताना'. कारखान्यात प्रत्येक यंत्राजवळ असं कार्ड असे. कामगार बदलला तरी यंत्राला कळू नये म्हणून. दादाजींनी हे घरी आणलं तेव्हा घरात बराच हशा झाला होता आणि नंतर ते भिंतीचा भाग होऊन गेलं होतं.

चारुलताबाई उठल्या. पण कार्डाकडे न जाता अंकुशकडे वळल्या.

"काल आईले सोडलं तेव्हा ती काही बोलली?"

"बोलली न. गाडीवरून उतरताना म्हने, बाबाले सांग का सर्व बरोबर झालं. मी समजलो, बॅग भरली म्हनून सांगून राहिली. सांगाचं राहून गेलं."

 चारुलताबाईंनी दादाजींना हळूच विचारलं, "या घरात दाणे मांडून कोन मोजतं?"

दादाजींची नजर स्वयंपाकघराकडे गेली. रोज सकाळी ओट्यावर, कुकरच्या बाजूला, शिट्टी झाली की एक दाणा. डाळीला चार, भाताला तीन. बेचाळीस वर्षं ते रोज पाहत होते, आणि म्हणूनच त्यांना ते कधी दिसलं नव्हतं.

"तिले मशीन नाई येत," ते म्हणाले, पण आता ते स्वतःलाच सांगत होते.

"मशीन येत नसेल. वाचता येतं." चारुलताबाईंनी खिळ्यावरून कार्ड काढलं. "ऐका."

५

कार्डावर बारा कलमं होती, दादाजींच्या स्टोअरच्या अक्षरात. चारुलताबाईंनी ती मोठ्यानं वाचली आणि प्रत्येक कलमाला एकेक दाणा पुढे सरकवला.

"एक. मी घरी नसताना मशीन दिवसातून एकदा चालू करून पाहावे. तिनं पाहिलं. दोन. चालू न झाल्यास घाबरू नये, कार्डाप्रमाणे करावे. म्हणजे काल हे चालू झालं नाही. तीन, डिस्क काढून लावावी. चार, लाल पेनड्राइव्ह मागे लावावा, म्हणजे मशीन त्यावरून सुरू होईल. पाच, पडद्यावर प्रतींची यादी येईल." त्या थांबल्या. सहाव्या दाण्यावर बोट ठेवून त्यांनी कार्ड दादाजींपुढे धरलं. "हे तुम्हीच वाचा."

दादाजींनी वाचलं. मनात वाचलं, पण त्यांचे ओठ हलत होते.

"बाबा, काय लिहिलं आहे?"

"'सहा,'" दादाजी म्हणाले. "'यादीतील सर्वांत जुना माल आधी उचलावा.'"

अंकुश भिंतीला टेकून खाली बसला.

"कारखान्यात तेच असते," दादाजी म्हणाले. "जुना माल आधी. नाई तर गंजते, वाया जाते. मी हे पहिल्या प्रतीच्या दिवशी लिहिलं. तेव्हा एकच प्रत होती, जुनीही तेच न नवीही तेच. नंतर मी कार्ड कधी वाचलं नाई. ते माझ्यासाठी नव्हतंच."

"पंचेचाळीस वेळा प्रत घेतली," चारुलताबाईंनी विचारलं, "परत टाकून किती वेळा पाहिली?"

"एकदाही नाई."

"आमच्या कचेरीतही असंच होतं. पहिली सात वर्षं." हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला, आणि दादाजींना पहिल्यांदा कळलं की या बाईंच्याही हातून कधीतरी काहीतरी गेलं असणार.

"आता भीमाबाई पहा," त्या म्हणाल्या. "सौरवसारखा मानूस चव्वेचाळीस ओळी खाली जायचा कंटाळा करतो. ही गेली, कारण कार्डावर लिहिलं आहे. आठवं कलम: काम पूर्ण होईपर्यंत मशीन सोडून जाऊ नये. दारात रुपराव उभे आहेत, चहा न विचारनं तिच्या जिवावर आलं असेल, पण ती गेली नाही. दीड तास बसली. एक कलम झालं, एक दाणा. मी एकतीस वर्षांत इतका चांगला ऑपरेटर नाही पाहिला, दादाजी. तुमचं कार्ड जितकं बरोबर होतं, तितकं बरोबर तिनं केलं, आणि जिथं ते चुकलं तिथंही तिनं एक अक्षर इकडचं तिकडे नाही केलं."

"पण काकू, दाणे अकरा," अंकुश म्हणाला. "कलमं बारा."

"तेच तर. बारावं वाच."

अंकुशनं वाचलं. "'वापरलेला नग रॅकवर परत ठेवू नये. तपासणी होईपर्यंत वेगळा, कुलपात ठेवावा.'"

दादाजी किल्ल्यांच्या बोर्डाकडे पाहत होते. बोर्डावर एकवीस किल्ल्या होत्या. या घरात कुलपं बावीस होती.

६

भीमाबाईंची लोखंडी पेटी पलंगाखाली होती. लग्नात आलेली, निळा रंग, कोपरे झिजलेले. तिची किल्ली भीमाबाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात असे आणि दुसरी करून घ्यायची दादाजींनी बेचाळीस वर्षांत एकदाच गोष्ट काढली होती. त्या संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं. विषय तिथंच संपला.

"शिबिरात फोन करून पाहू का?" अंकुश म्हणाला.

"तिचं मौन मोडाचं? माझ्या चुकीपायी?" दादाजींनी मान हलवली. "ती वीस वर्षांपासून जाईन जाईन म्हनून राहिली होती. नाई."

"मग?"

दादाजी पेटीसमोर मांडी घालून बसले.  नऊ जणांचा आवाज त्या पत्र्याच्या आत असावा, किंवा नसावाही. प्रत चालू आहे की नाही हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी अंकुशला पेचकस आणायला सांगितला. कुलपाला हात लावला नाही. मागच्या बिजागऱ्यांचे आठ स्क्रू त्यांनी स्वतः काढले, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं कागदावर मांडले, आणि झाकण मागून उचललं.

वरच, धुतलेल्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात, डिस्क होती. बरोबर तुरीचा एक दाणा आणि वहीचा फाडलेला कागद, कारण अकरावं कलम होतं 'नोंद करावी'. अक्षर मोठं, रेघेवर नीट बसवलेलं: 'दिनांक ९. मशीन चालू होत नव्हते. कार्डाप्रमाणे केले. चालू झाले. भीमाबाई रंगारी.'

दादाजींनी ती नोंद दोनदा वाचली. अडतीस वर्षांत त्यांच्या हाताखाली अकरा मदतनीस होऊन गेले. अशी नोंद एकानंही लिहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी आठ वाजता ते स्वतः टेबलाशी बसले, बाजूला चारुलताबाई, मागं अंकुश. त्यानं पहिल्या पाळीची सुट्टी टाकली होती. यादी आली. दादाजींचा हात सवयीनं खाली जायला लागला. चारुलताबाई फक्त खाकरल्या. हात वर आला. एक सप्टेंबर २०२५, पंचेचाळिसावी प्रत.

पडद्यावरची पट्टी भरत राहिली. चहा झाला, दुसरा झाला. रुपराव भांडण अर्धं राहिलं म्हणून आले आणि पट्टी पाहून तेही गप्प बसले. पावणेदहाला संगणक पुन्हा उघडला. फुगे नव्हते. 'आठवणी' होता. दादाजींनी आतली पहिली फाईल लावली, आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्या तारा आजींचा आवाज खोलीत आला: "बापू, आधी हे सांग का माझं ऐकू येऊन राहिलं का तुले."

"येऊन राहिलं आजी," दादाजी म्हणाले. पुढचं ते ऐकू शकले नाहीत, म्हणून अंकुशनं बंद केलं.

आठ दिवसांच्या दुरुस्त्या गेल्या होत्या, त्यातल्या बहुतेक स्वल्पविरामांच्या. दादाजींनी रविवारपर्यंत त्या पुन्हा केल्या आणि सोमवारी फाईल छापखान्यात गेली. रुपरावांची चार पानं पाच झाली. कार्डावरचं सहावं कलम खोडून नवीन लिहिलं, खाली सही आणि तारीख. चारुलताबाईंनी तेरावं घालायला लावलं: दर सहा महिन्यांनी प्रत परत टाकून पाहावी.

भीमाबाई बारा दिवसांनी परत आल्या. आधी पेटीच्या बिजागऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मौन सुटलेलं असूनही बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दादाजींनी सगळं सांगितलं. काहीही न वगळता, कलमवार सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "तुझ्यासारखं काम आमच्या कारखान्यात कोनी नाई केलं वं."

"कार्डावर होतं तसं केलं," भीमाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

"पन त्या दिवशी मशीन चालू काहून होत नव्हतं?"

"मले काय माहीत? काळा पडदा न दोन ओळी इंग्रजी. तुमचा लाल पेनड्राइव्ह लावाले गेली तर तिथं अंकुशचा गाण्याचा लागून होता. तो काढला न तुमचा लावला."

दादाजींनी अंकुशचा पेनड्राइव्ह मागे लावून संगणक सुरू केला. काळा पडदा आला, दोन ओळी इंग्रजी. पेनड्राइव्ह काढला. संगणक सुरू झाला.